बारावीला ५८ टक्के पडले तर पायलट होता येतं का? दादर-परळला क्लास शोधण्याआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की कोकणातून, सातारा-सांगलीकडून, नगर-नाशिककडून मुलं मुंबईची वाट धरतात. कुणाचे काका लालबागला, कुणाच्या मामांची परळला खोली, कुणाची आत्या गिरगावात. नातेवाईक नसले तर गावच्या मंडळाची खोली असते. गिरणगावाच्या चाळींत या खोल्यांनी गिरणी कामगारांच्या पिढ्या सांभाळल्या. आता तिथेच पथारी टाकून पोरं दादरच्या क्लासला जातात. यात हल्ली एक नवी चौकशी ऐकू येते. पायलट व्हायचं असेल तर किती मार्क लागतात?

प्रश्न दोन तऱ्हेने विचारला जातो. ज्याला ८८ टक्के पडले त्याचे वडील म्हणतात, "एवढे मार्क आहेत म्हणजे नंबर लागणारच." ज्याला ५८ पडले तो घरात विषयच काढत नाही. दोघांचाही हिशेब चुकतो. मार्कांचं काम दार उघडण्यापुरतं आहे. दार उघडायला जेवढे लागतात तेवढे हवेतच. पण आत गेल्यावर ८८ वाला पुढे आणि ५८ वाला मागे, अशी रांग लागत नाही.

नियमात टक्केवारी किती?

देशात वैमानिकाचा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. पगारी वैमानिक व्हायला 'कमर्शियल पायलट लायसन्स' लागतं, त्याला सगळे सीपीएल म्हणतात. त्यासाठी शिक्षणाची अट एवढीच: मान्यताप्राप्त मंडळाची बारावी पास आणि त्यात गणित व भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय. किमान टक्केवारीची अट परवान्याला नाही. जेईई, नीट, एमएचटी-सीईटीचा गुणांक कुणी मागत नाही. पदवीही लागत नाही.

वयाची अट १८ वर्षे पूर्ण. शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी निघतो, त्याला दहावी पास पुरते. स्वतःच्या हौसेसाठी उडवायचा खासगी परवाना १७ व्या वर्षी मिळतो, त्यालाही दहावी चालते. पण त्यावर पगारी नोकरी करता येत नाही.

गणित-भौतिकशास्त्राची अट काढून कला-वाणिज्यच्या मुलांनाही वाट मोकळी करावी, अशी चर्चा २०२५ साली सुरू झाली. चर्चेवर विसंबून अकरावीला विषय सोडू नयेत. डीजीसीएच्या संकेतस्थळावर त्या दिवशी जो नियम असेल तोच खरा.

मग ५०-६० टक्के कोण मागतं?

परवाना देणारं सरकार टक्के मागत नाही, पण शिकवणारी संस्था आणि नोकरी देणारी कंपनी मागते. गोंधळ इथेच होतो.

• उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे बारावीच्या गणित व भौतिकशास्त्रात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, इंग्रजीत पास असावं लागतं. त्यानंतर निवड होते ती त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर. इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र आणि तर्कशक्तीचे प्रश्न असतात. ५१ वाला आणि ९१ वाला त्या परीक्षेला एकाच बाकावर बसतात.

• विमान कंपन्यांच्या 'कॅडेट' योजना असतात. कंपनी मुलगा आधी निवडते, प्रशिक्षण ठरलेल्या संस्थेत होतं, खर्च मात्र बहुतेक करून मुलाच्या घरचाच. इंडिगोच्या अशा योजनेत गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजीला ५१ टक्क्यांची अट दिसते. बाकीच्या कंपन्यांचा आकडा वेगळा असू शकतो. दरवर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.

• खासगी फ्लाइंग स्कूलमध्ये बहुतेक ठिकाणी बारावी पास आणि दोन विषय एवढंच बघतात. पैसे भरले की प्रवेश मिळतो. प्रवेश सोपा, म्हणून पुढचं सोपं, असं समजू नये.

म्हणजे ५८ टक्क्यांचा मुलगा यातल्या बऱ्याच दारांतून आत जातो. एकूण ७० टक्के पण गणितात जेमतेम ३६ असलेला मुलगा मात्र दोन ठिकाणी बाहेर राहू शकतो. एकूण टक्क्यांआधी या दोन विषयांचे आणि इंग्रजीचे मार्क बघावेत.

गणित-भौतिकशास्त्रच का?

कारण ते रोज लागतं. एक साधा हिशेब बघा. छोटं विमान ताशी १२० नॉटिकल मैल वेगानं जातं आणि २०० मैलांवर उतरायचं आहे. वारा नसेल तर १ तास ४० मिनिटं लागतील. समोरून ताशी २० मैलांचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १०० वर येतो आणि वेळ होतो २ तास. ही २० मिनिटं म्हणजे जादा इंधन. एसटीचं डिझेल संपलं तर गाडी कडेला लावता येते, विमानाला कडेला थांबायला जागा नसते. (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.)

दुसरं उदाहरण. ६० मैल गेल्यावर विमान ठरलेल्या रेषेपासून ३ मैल बाजूला आढळलं, तर दिशा साधारण ३ अंशांनी चुकली. हे वैमानिक मनातल्या मनात काढतो. तिसरं उदाहरण उन्हाळ्याचं. मे महिन्यात हवा तापते, विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. तेच विमान, तेच वजन, पण धावपट्टीवर जास्त धावावं लागतं. हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलंच आहे.

गणित इथे अवघड नसतं, भागाकार आणि त्रिकोणमितीपुरतं असतं. पण ते घाईत, आवाजात, दुसरं काम करता करता बरोबर यावं लागतं. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून ९० मार्क मिळवलेला मुलगा इथे अडखळू शकतो. ५८ वाल्याला धडे खरोखर समजले असतील, तर तो निभावून नेतो.

खरे मार्क पुढे लागतात

डीजीसीएचे स्वतःचे लेखी पेपर असतात: हवाई दिशादर्शन, विमानासाठीचं हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती. प्रत्येक पेपरला पास व्हायला ७० टक्के लागतात. बारावीला ३५ वर पास, इथे ६९ वर नापास. शिवाय रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा असते.

पेपर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, कंट्रोल टॉवरशी बोलणं इंग्रजीत. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इंग्रजीच्या सहा पायऱ्या आहेत, त्यातली किमान चौथी गाठावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला भीती वाटते ती इथे. पण साहेबी उच्चारांना इथे जादा गुण नाहीत. बोललेलं समोरच्याला नीट कळलं पाहिजे, ऐकलेलं समजलं पाहिजे आणि अडचण स्वतःच्या वाक्यात सांगता आली पाहिजे. दोन वर्षं रोज अर्धा तास मोठ्यानं वाचलं-बोललं तर हे साधतं.

लेखी परीक्षेबरोबर २०० तासांचं उड्डाण पूर्ण करायचं असतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन. किमान ३०० नॉटिकल मैलांचा एक लांबचा प्रवास, उपकरणांवर बघून उडवण्याचा सराव, रात्रीचं उड्डाण हेही त्यात येतं. इथे मार्कशीट कुणी उघडत नाही. शिकवणारा बघतो की सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागतं का, आणि घाबरल्यावर पोरगा काय करतो.

नंतर कंपनीच्या निवडीत लेखी चाचणी, मनाची व हाताची चपळता तपासणारी चाचणी, मुलाखत आणि सिम्युलेटरवरची परीक्षा होते. कॅप्टन व्हायला पुढचा एटीपीएल परवाना लागतो. त्याला वय २१ आणि १५०० तासांचा अनुभव हवा.

मुंबईचा जुना दाखला

भारतातला पहिला वैमानिक परवाना मुंबईत शिकलेल्या माणसाला मिळाला. १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तिथे शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना घेतला. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. केंब्रिजला जाऊन शिकायचं मनात होतं, पण वडिलांनी बोलावलं आणि १९२५ साली ते फोर्टातल्या टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी करायला बसले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेच जुहूला उतरले. देशातली विमानसेवा तिथून उभी राहिली.

या गोष्टीचा अर्थ 'शिक्षण नको' असा काढू नये. टाटांच्या घरात पैसा होता, वेळ होता आणि तेव्हा गणिताची अटही अशी नव्हती. घ्यायचं ते एवढंच की, कागदावरची पदवी आणि विमान हाताळण्याची अक्कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच क्लब आता उड्डाणाचं प्रशिक्षण धुळ्यात देतो. म्हणजे दादरला खोली घेतली तरी उडायला खानदेशातच जावं लागतं.

मार्कांपेक्षा मोठे दोन अडथळे

पहिला तब्येतीचा. सुरुवातीला 'क्लास टू' आणि मग 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी होते, तीही डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे व केंद्रांवर. चष्मा असला म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही, चष्म्यानं नजर ठरलेल्या मापात आली पाहिजे. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र मोठी अडचण येते. कान, हृदय, रक्तदाब, साखर सगळं बघतात. ९२ टक्क्यांचा मुलगा इथे अडकू शकतो. म्हणून फी भरण्याआधी तपासणी करून घ्यावी. एक हजार, पाच हजार खर्च झाले तरी चालतील, पण वीस लाख भरल्यावर रंगदोष कळायला नको.

दुसरा अडथळा पैशाचा. सीपीएलचा खर्च साधारण ४५-५० लाखांपासून पुढे जातो. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगसारखं ठरावीक विमान उडवायला 'टाइप रेटिंग' करावं लागतं, त्याचे लाखो रुपये वेगळे. सगळं मिळून आकडा कोटीच्या आसपास जाऊ शकतो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात. गावाकडे तारण म्हणजे घर नाहीतर जमीन. परवाना हातात आल्यावर लगेच नोकरी लागेलच याची हमी नसते, कधी वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं आणि हप्ता तेव्हाही चालू असतो. हा विचार सातबारा बँकेत ठेवण्याआधी घरात सगळ्यांनी बसून करावा.

पैसे कमी, पण जिद्द आहे त्यांच्यासाठी

• ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी प्रवर्गातल्या मुलांसाठी 'महाज्योती' या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा थोड्या असतात. नवी जाहिरात निघाली का, यावर लक्ष ठेवावं.

• खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात जाणाऱ्याला प्रशिक्षणाचा खर्च येत नाही. बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागतं, पण निवड यूपीएससीची लेखी परीक्षा, मुलाखत आणि तपासणीवर होते. हवाई दल ही सैन्याची नोकरी आहे, विमान कंपनीत जायची फुकट शिडी समजून कुणी जाऊ नये.

• छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. १९७७ सालापासून ती दहावीनंतरच्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते.

५८ चे ७८ करून देतो म्हणणारे

मार्क कमी आहेत म्हणून शरमलेला पालक हे दलालाचं आवडतं गिऱ्हाईक. "मार्कांचं आम्ही बघून घेतो" असं कुणी म्हणालं, की तिथून उठावं.

२०११ साली देशात बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण गाजलं. वरच्या परवान्यासाठी खोट्या मार्कशीट दाखवल्याचं उघड झालं, वैमानिकांना अटक झाली, परवाने रद्द झाले आणि डीजीसीएला एटीपीएल परवान्यांची सरसकट तपासणी हाती घ्यावी लागली. नोकरीत असलेली माणसं त्यात गेली. एका कागदापायी आयुष्याची कमाई गेली आणि प्रवाशांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच.

आज डीजीसीएची परीक्षा द्यायच्या आधी 'कॉम्प्युटर नंबर' काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी मंडळाकडून होते. राज्य मंडळाची नऊ विभागीय कार्यालये आहेत. कोकणातल्या मुलाची नोंद रत्नागिरीला, साताऱ्याच्या मुलाची कोल्हापूरला, मुंबईतल्या मुलाची वाशीला सापडते. परीक्षा जिथून दिली तिथेच पडताळणी होणार, मग राहायला लालबागला असा की गिरगावात. खोटं पहिल्याच पायरीवर पकडलं जातं. आणि खरे ५८ असताना खोट्या ७८ ची मुळात गरजच नसते.

विषय राहिला असेल तर

कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं, किंवा सायन्सला बायोलॉजी ठेवून गणित सोडलं, तरी वाट बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, बारावीच्या पातळीवर सुटे विषय घेऊन परीक्षा देऊ देते. गणित आणि भौतिकशास्त्र तिथून पास केलं तरी डीजीसीएला चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. फॉर्म भरताना ही सरकारी संस्थाच आहे ना, याची खात्री करावी. सारख्या नावाची दुकानं खूप आहेत.

मुंबईत क्लास बघताना विचारायचे प्रश्न

दादर असो, परळ असो, 'एव्हिएशन' लिहिलेली प्रत्येक पाटी पायलटची नसते. केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, तिकीट काउंटर यांचे कोर्सही त्याच नावाखाली चालतात. ती कामं वाईट नाहीत, पण ती वेगळी आहेत. 'बीएस्सी एव्हिएशन' ही पदवी आहे, परवाना नाही.

१. हा क्लास फक्त डीजीसीएच्या लेखी पेपरची तयारी करून घेतो, की उड्डाणही शिकवतो? उड्डाण शिकवत असेल तर डीजीसीएच्या मान्य संस्थांच्या यादीत नाव आहे का? २०२५ पासून डीजीसीए या संस्थांना श्रेणीही देते, ती बघावी.

२. विमानं किती, त्यातली आज उडणारी किती, आणि २०० तास पूर्ण व्हायला मागच्या मुलांना किती महिने लागले? धुळे, बारामती, नागपूर, गोंदिया इथे संस्था आहेत. स्वतः जाऊन बघावं, दोन-चार विद्यार्थ्यांशी वडापाव खाताना बोलावं. ऑफिसात कळत नाही ते तिथे कळतं.

३. फी टप्प्याटप्प्यानं घेणार की एकरकमी? मध्येच सोडलं तर परत किती? तोंडी नको, लेखी घ्यावं.

४. "नोकरीची गॅरंटी" असेल तर कुठल्या कंपनीचं पत्र आहे? पत्र नसेल तर गॅरंटीही नाही.

कुणी काय करावं?

दहावीतल्या मुलानं सायन्स घ्यावं, गणित सोडू नये, आणि डोळ्यांची व रंगांची तपासणी एकदा करून घ्यावी. अकरावी-बारावीतल्या मुलानं गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी या तिघांत ६० च्या वर राहण्याचं लक्ष्य ठेवावं. त्यानं जवळजवळ सगळी दारं उघडी राहतात. ९५ साठी जीव काढण्यापेक्षा तो वेळ इंग्रजी बोलण्यात घालवला तर जास्त उपयोग होईल. आधार, मार्कशीट आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही आत्ताच बघून घ्यावं.

ज्याला ५० ते ६० पडले त्यानं आधी तपासणी करावी, मग डीजीसीएच्या एका विषयाचं पुस्तक आणून महिनाभर स्वतः वाचावं. ७० टक्के मिळतील असं वाटलं तर पुढे जावं. नाही वाटलं तर पुस्तकाचेच पैसे गेले, जमीन शाबूत राहिली. ज्याला ५० च्या खाली पडले त्यानं कुठलं दार उघडं आहे ते जाहिराती वाचून तपासावं, किंवा एनआयओएसमधून दोन विषय पुन्हा द्यावेत. एक वर्ष जाईल, पण सीपीएलसाठी त्यामुळे उशीर झाला असं होत नाही.

आणि ज्याला ९० च्या वर पडले, त्याच्या घरच्यांनी पेढे जरूर वाटावेत. पण पहिला हप्ता भरायच्या आधी पोराला वैद्यकीय तपासणीला न्यावं.